मागच्या टायरांतले पाणी

मी एक जुना ट्रॅक्टर आहे मित्रांनो, आणि माझे खरे वजन जगात दोनच जणांना ठाऊक होते. एक मी, आणि मला बोलता येत नाही. दुसरा धाकटा, आणि त्याच्याशी घरात कोणी बोलत नव्हते.

मी शेतावर आलो तेव्हा थोरला सव्वीस वर्षांचा होता आणि धाकटा एकोणीस. दोघे सख्खे भाऊ. माझे इंजिन सुरू झाले की खिडक्यांची तावदाने थरथरत, म्हणून त्यांच्या आईने मला 'गडगड्या' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मला चिकटले ते चिकटलेच. थोरला मला चालवी, धाकटा मला सांभाळी. थोरल्याची नांगरट अशी सरळ, की येणारेजाणारे बांधावर उभे राहून बघत. धाकटा तोवर तेलाचा डबा घेऊन माझी वाट पाहत असे. मी परतलो की तो माझ्या पोटाखाली उताणा शिरे आणि "आज याचं काहीतरी बिनसलंय" असे नुसत्या आवाजावरून ओळखे.

एकतीस वर्षे अशी गेली. मग एका सकाळी अंगणात नवा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. थोरल्याने तो परस्पर घेतला होता.

"मला विचारायचं तरी होतंस, दादा," धाकटा म्हणाला.

"त्यात विचारायचं काय? गडगड्या भंगारात काढायच्या लायकीचा झालाय. किती दिवस ठिगळं लावत बसणार?"

"ती ठिगळं मी लावलीयत."

"म्हणून तर म्हणतोय!"

थोरल्याला तसे म्हणायचे नव्हते. मला ते त्याच्या आवाजावरून कळले. पण बाण सुटला होता. धाकट्याने हातातला पाना माझ्या सीटवर ठेवला, हात पुसले आणि तो निघून गेला. शहरातल्या कुठल्याशा गॅरेजमध्ये लागला, असे पुढे कानावर आले.

भंगारात मला कोणी काढले नाही. थोरल्याने मला मागच्या शेडमध्ये ढकलले, वर ताडपत्री टाकली आणि दार ओढून घेतले.

त्या शेडमध्ये मी चौदा वर्षे होतो. उंदरांनी सीटमधला काथ्या नेला. बाहेर नव्याचा आवाज येई, तो कामावर जाई, कामावरून येई. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पुढे पुढे तो आवाज आला नाही तर चुकल्यासारखे वाटू लागले. वर्षातून एखादे वेळी थोरला येई. ताडपत्रीचे टोक उचलून नुसता उभा राही. एकदा तर तो सीटवर चढून बसला, चाक डावीउजवीकडे फिरवले आणि हळूच म्हणाला, "चल." बॅटरी केव्हाच मेली होती. थोडा वेळ बसून तो उतरला. पाना मात्र त्याने होता तिथेच परत ठेवला.

मग थोरल्याचे गुडघे गेले. मुलीकडे राहायला जायचे ठरले. जुन्या यंत्रांच्या एका संग्रहालयाने मला ठेवून घ्यायची तयारी दाखवली, पण पोचवायची जबाबदारी आपली. वाटेत सात वळणांचा तीव्र उतार होता.

"त्यात काय एवढं? आपली पिकअप आहे, शेजाऱ्याची विटांची ट्रॉली आहे. मीच नेतो हळूहळू," असे थोरला फोनवर मुलीला सांगत होता. मुलीने ऐकले नाही. तिने एका ट्रेलरवालीला पाठवले.

बाई पन्नाशीची, खिशात मोजपट्टी, बोलणे तोडून. तिने आधी पिकअपकडे पाहिले, मग दोन चाकांच्या ट्रॉलीकडे.

"ही ओढेल याला?"

"न ओढायला काय झालं?"

"ओढेल हो काका. थांबवणार कोण? ट्रॉलीला ब्रेक नाहीत. उतारावर हा मागून ढकलायला लागला की पिकअप काय करणार? जाईल त्याच्याबरोबर."

थोरल्याने माझी पुस्तिका आणून दाखवली. त्यात सतराशे पन्नास किलो लिहिले होते. बाईने माझ्या तोंडासमोर अडकवलेली लोखंडी वजने मोजली, चाळीसची सहा. "एकोणीसशे नव्वद. माझ्या लहान ट्रेलरवर तेवीसशे बसतात. चालेल. उद्या येते."

नाही चालणार! मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होतो. पण माझे ओरडणे म्हणजे काय, गंजलेल्या लोखंडाचे गप्प राहणे.

निघताना तिने सहज माझ्या मागच्या टायरवर बुटाची टाच मारली. आवाज बद्द आला. ती वाकली, बोटांनी वाजवून पाहिले.

"काका, यात पाणी भरलंय?"

"असेल. चाकं घसरू नयेत म्हणून भरायचे पूर्वी."

"किती भरलंय?"

"ते धाकट्याला माहीत."

"मग विचारा त्यांना."

थोरला जमिनीकडे पाहू लागला. "आमचं बोलणं नाही."

"मग मला हा नेता येणार नाही. मी उतारावर अंदाजाने जात नाही."

शेवटी थोरल्याने खिशातून फोन काढला. नंबर त्याला शोधावा लागला नाही. ऐकायला कमी येते म्हणून त्याने स्पीकर लावला.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

"बोल."

"गडगड्याच्या मागच्या टायरांत पाणी किती आहे रे?"

"विकलास?"

"नाही. संग्रहालयाला देतोय. तिकडे, नदीपलीकडच्या."

"एकेकात दोनशे वीस लिटर. वर मीठ, थंडीत गोठू नये म्हणून. पिंपात आपण दोघांनी ढवळलं होतं. दोन्ही मिळून साडेपाचशे किलो धर."

"काढून टाकू का?"

"अजिबात नको. मिठाने रिंगा आतून खाल्ल्या असतील. आहे तसाच ने, मोठ्या गाडीवर. आणि ऐक, पुढच्या आसाला साखळी लावू नका. डावीकडे मी जोड दिलाय, तो ताण घेणार नाही. मधल्या सांगाड्याला बांधा."

"बरं."

"बरं."

थोरल्याचे ओठ हलले. काहीतरी आणखी म्हणायचे होते त्याला. पण फोन बंद झाला होता. कोणी आधी ठेवला, ते मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी बाईने मोठा ट्रक आणला. मागे बुटका, चार चाकांचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर. मला तारेने वर ओढून घेतले आणि चार साखळ्या मधल्या सांगाड्याला आवळल्या. वजनकाट्यावर आकडा आला दोन हजार पाचशे चाळीस. बाईने तो थोरल्याला दाखवला आणि म्हणाली, "भाऊ पक्के निघाले तुमचे."

चौथ्या वळणावर पुढची बस अचानक थांबली. बाईने ब्रेक दाबला. माझे सगळे वजन पुढे धावले, साखळ्या करकरल्या, ट्रेलरची चाके रस्त्याला चिकटली. बसच्या हातभर अलीकडे आम्ही थांबलो. केबिनच्या मागच्या काचेतून थोरला वळून माझ्याकडे पाहत होता.

आता मी एका मोठ्या, थंड दालनात असतो. मला नवा रंग दिला आहे. भोवती दोरी आहे आणि 'हात लावू नये' अशी पाटी. हात न लागण्याची मला सवय आहे म्हणा.

दर मंगळवारी थोरला येतो. काठी टेकत, बस बदलून. समोरच्या बाकावर तासभर बसतो आणि पहारेकऱ्याला विचारतो, "याला बघायला कोणी येतं का हो?" पहारेकरी म्हणतो, "येतात की, शाळेची मुलं."

दर रविवारी धाकटा येतो. तोही त्याच बाकावर बसतो, तेच विचारतो. रविवारचा पहारेकरी वेगळा आहे. तोही तेच सांगतो.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, गंज पुसा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे निराळे आहे. तुमची सहल इथे मंगळवारी आली आणि बाकावर काठीवाले आजोबा दिसले, तर दोरीपाशी घुटमळू नका. सरळ त्यांच्याकडे जा. भावाचे नाव काढू नका, नाहीतर ते हट्टाने येणार नाहीत. एवढेच म्हणा, "आजोबा, पुढच्या वेळी रविवारी या."