कर वाचवायला निघालेली पावती

मी एफडीची पावती बोलतेय. साधीसुधी नाही हं, 'कर बचत' असं ठळक अक्षरांत कपाळावर लिहून आणलेली. पाच वर्षांची, दीड लाखाची. आत्ता मी बँकेच्या काउंटरवर पडले आहे आणि थोड्याच वेळात माझ्यावर शेवटचा शिक्का बसेल. तेवढ्यात माझी कर्मकहाणी सांगून घेते, नंतर मला कोण विचारतंय!

माझा जन्म एकतीस मार्चचा. आम्हा बहिणींपैकी निम्म्याजणी त्याच आठवड्यातल्या. वर्षभर ज्यांना बँकेचा रस्ता आठवत नाही, ती माणसं त्या दिवशी एकमेकांच्या पाठीला नाक लावून रांगेत उभी असतात. ठेव किती वर्षांची, मध्ये पैसे लागले तर काय, असलं कोणी विचारत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "कर वाचेल ना?" काउंटरवरची बाई सकाळपासून 'हो' म्हणून थकली होती. माझ्या मालकालाही तिने मान वर न करता 'हो' म्हटलं.

मालक एका कारखान्याच्या भांडाराचा प्रमुख. तिथे तो नट-बोल्ट मोजून देतो आणि सही घेतल्याशिवाय वॉशरसुद्धा सोडत नाही. घरी मलमाच्या ट्यूबवरची तारीख भिंग लावून वाचतो. मेहुणा त्याला 'ऑडिटर' म्हणून चिडवतो, पण गड्याला ते कौतुकच वाटतं. अशा या माणसाने माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं मात्र वाचली नाहीत. पाच वर्षांच्या आत मोडता येणार नाही आणि तारण ठेवून कर्जही मिळणार नाही, असं तिथे स्वच्छ छापलेलं आहे.

बरं, पैसे तरी त्याचे होते का? नाव नको! ते त्याच्या बायकोचे होते. ती घरी शिवणकाम करते. सहा वर्षं लोकांच्या पँटा आखूड करून, चेन बसवून, गणवेश शिवून तिने ते जमवले होते. कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने घेऊन तिथे दोन मोठी मशीनं टाकायची, एवढंच तिच्या मनात होतं. गाळा जुलैत रिकामा होणार होता.

"अगं, पडूनच आहेत ना खात्यात?" मालक म्हणाला. "तीन महिने मला उसने दे. माझ्या नावावर टाकतो, माझा कर वाचतो, मग तुझे तुला."

"अहो, पण जुलैत नक्की मिळतील ना?"

"एफडी काय, केव्हाही मोडता येते. अर्धा टक्का कापतील, बस. मी काय पळून चाललोय?"

"तुम्ही पळालात तर शोधून आणीन हो. गाळा पळाला तर?"

त्यावर तो मोठ्याने हसला. ती हसली नाही, पण चेकवर सही केली.

घरी आल्यावर माझी रवानगी एका निळ्या फाइलीत झाली. तिथे चार विमा पॉलिसी आधीच नांदत होत्या. चौघींचाही वाढदिवस मार्चमधला. सगळ्यात थोरली मेहुण्याने गळ्यात मारलेली होती. ती म्हणाली, "ये बाई. माझा हप्ता केवढा आणि विमा केवढा, हे यांनी अजून बघितलेलं नाही. तुझं तरी नीट वाचलंय का?" मी आपली पाठ फाइलीला घट्ट टेकवून घेतली.

जुलै आला. मालक मला खिशात घालून ऐटीत बँकेत गेला.

"साहेब, ही मोडत नाही," काउंटरवरची बाई म्हणाली.

"दंड कापा की."

"दंड भरूनही मोडत नाही."

"मग हिच्यावर कर्ज द्या."

"तेही मिळत नाही. पाठीमागे लिहिलंय बघा."

त्याने मला उलटं केलं आणि पहिल्यांदा माझी पाठ वाचली. त्याच्या बोटांचा घाम मला लागला. घरी येऊन सांगितलं काय, तर "सर्व्हर डाउन आहे." सर्व्हर आठ दिवस डाउन होता. मग सही जुळेना. मग मॅनेजर रजेवर गेले. तोवर गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा येऊन बसला. त्या संध्याकाळी तिने स्वतः फाइल उघडली, मला दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत ठेवलं. मी कागदाची असून मला लाज वाटली.

त्याच महिन्यात रिटर्न भरायला मालक सीएकडे गेला. ती म्हणाली, "मीही येते."

"तुमच्या ऑफिसने नव्या पद्धतीने कर कापलाय," सीए म्हणाला. "मागच्या वर्षी एप्रिलमध्ये फॉर्म आला असेल, जुनी पद्धत हवी की नवी?"

"आला होता. बघू सावकाश म्हणून ठेवला."

"काही कळवलं नाही की नवी धरतात. नवीत या पावतीची वजावट नाही."

"मग आता जुनी धरा!"

सीएने दोन्ही गणितं मांडली. "घरकर्ज नाही, घरभाडं नाही. ही पावती धरूनही जुनीत तुम्हाला जास्तच भरावा लागेल. नवीच स्वस्त आहे."

"मग हिचा उपयोग काय?"

"कर वाचवायला काही नाही. उलट दरवर्षी हिचं व्याज तुमच्या उत्पन्नात येणार, त्यावर कर पडणार. पैसे वहिनींच्याच नावावर असते तर त्यांना काही भरावं लागलं नसतं, त्यांची कमाई तेवढी नाही."

"म्हणजे माझा गाळा गेला," ती सावकाश म्हणाली, "आणि वर करही वाचला नाही?"

सीए कॅल्क्युलेटर पुसत बसला. ऑडिटरसाहेब पंख्याकडे बघत होते.

त्यानंतरची वर्षं मी फाइलीतून ऐकली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचं जुनं मशीन खडखडत राहिलं. तिच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. दर मार्चमध्ये मेहुणा नवी योजना घेऊन यायचा, आणि ती चहाआधी निळी फाइल समोर आपटून म्हणायची, "आधी पाठ वाचून दाखव." दुसऱ्या वर्षानंतर तो नुसता चहा पिऊन जाऊ लागला.

आज माझी मुदत संपली. दोघं काउंटरवर उभे आहेत. मागे तीच रांग आणि तोच प्रश्न.

"पुन्हा पाच वर्षं टाकू का?" काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं. "कर वाचेल."

मालकाचा हात, खोटं कशाला बोलू, पेनाकडे गेला. सवय हो! मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि हात खिशात घातला. "नको. सगळे हिच्या खात्यात टाका." क्षणभर थांबून हळूच म्हणाला, "पण अगं, दुकान चाललं तर तुलाही कर भरावा लागेल हं."

"लागू दे," ती म्हणाली. "तेवढं कमवायचंच होतं मला. पाच वर्षांपूर्वीच."

बाईने शिक्का उचललाय. रांगेतल्या मंडळींनो, माझी पाठ अजून वर आहे, कोणी वाचणार असाल तर वाचा. नाही ना? सगळे घड्याळाकडेच बघताहेत. बरं तर, येते मी.