मंगळवारी उपास करणारी गंगा

महादेवाच्या टेकाडाखाली दगडी गोमुखातून मनगटाएवढी धार पडत होती आणि तिच्यापुढं अर्धं शहर उभं होतं. तासगावची द्राक्षवाली मंडळी जीप करून आली होती, आटपाडीहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. एक निवृत्त सुभेदार पलटणीतल्या पोरांना पाठवायला म्हणून डझनभर बाटल्या भरत होते. ज्या टेकाडावर उन्हाळ्यात बाभळीलाही पाला टिकत नाही, तिथं पाणी फुटलं म्हटल्यावर माणसं वेडी होणारच.

गोमुखाशेजारी भगवं कापड टाकलेल्या खुर्चीत नाथाजीबुवा बसला होता. पूर्वी हा गृहस्थ बोअर मारायच्या गाडीवर होता. तिथं काही जमेना. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, त्यातला हा प्रकार.

"ही गंगामाई हाय," बुवा माइकवर सांगत होता. "काशीत बुडी मारली ती थेट हितं वर आली. मधी कुठं इसाव्याला थांबली न्हाई. पहाटं जागी हुती, दुपारी निजती. आन मंगळवारी तिचा उपास असतोय. त्या दिशी थेंब सांडायची न्हाई. खरं का खोटं?"

"खरं हाय," गर्दी म्हणाली.

ते खरंच होतं. मंगळवारी धार बंद असायची. फक्त त्या उपासाचं कारण मला ठाऊक होतं. मी या शहराच्या पाणीपुरवठ्याची नियोजन प्रमुख. कुठल्या टाकीतून कुठल्या भागाला किती पाणी सोडायचं, शहर वाढलं की ते कुठून आणायचं, हे ठरवणं माझं काम. पंपांच्या देखभालीसाठी मंगळवारी पाणी बंद ठेवायचं, हेही मीच ठरवलेलं. आणि महादेवाच्या बाजूला पाणी सोडायची पाळी पहाटे सुरू होऊन दुपारी संपते. काशीहून निघालेली गंगा आमच्या पालिकेचं वेळापत्रक इतकं काटेकोर पाळते, याचा खरं तर मला अभिमान वाटायला हवा होता.

अभिमान वाटला नाही, कारण त्याच दिवशी माया माझ्या ऑफिसात आली.

टेकाडाखालून जाणारा पाईप पुढं माळावरच्या वस्तीत संपतो. बहुतेक घरं बौद्धांची. पाईपच्या शेपटाला नेमकी हीच वस्ती कशी आली, हा प्रश्न माझ्या आधीच्या कुठल्याच साहेबाला पडला नव्हता. तिथवर दाब पोचावा म्हणून मी सगळा आराखडा नव्यानं मांडला आणि गेल्या दिवाळीत त्या वस्तीत पहिल्यांदा नळाला पाणी आलं. माया तिथल्या शाळेत शिकवते.

"मॅडम, गंगा आली तेव्हापासून आमचे नळ कोरडे आहेत," ती म्हणाली. "आई पुन्हा ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जायला लागलीय. गुडघे गेलेत तिचे. मी शाळेत गेले की निघते, ऐकत नाही."

तिची आई येसूबाई मला माहीत होती. नळाला पाणी आलं त्या दिवशी तिनं मला बसवून चहा पाजला होता. "आता जाणार नाही ना हे पाणी?" असं तेव्हा मायानं विचारलं होतं आणि मी छातीठोकपणे नाही म्हणाले होते.

वेळ थोडा होता. येत्या सभेत नगराध्यक्ष उदयसिंह त्या जागेला तीर्थस्थळ जाहीर करण्याचा ठराव आणणार होते. तो झाला की त्या गोमुखाला हात लावता येणार नव्हता आणि वस्ती कायमची टँकरच्या मर्जीवर जाणार होती.

मी आधी साधा उपाय केला. पालिकेच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून क्लोरीन घालतात. तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकले की असं पाणी पिवळं पडतं, झऱ्याचं पडत नाही. मी गर्दीसमोर काचेच्या पेल्यात धार धरली आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"आता सांगा, गंगेत क्लोरीन कुणी घातलं?" मी विचारलं.

क्षणभर बुवाचा चेहरा उतरला. मग त्यानं माइक तोंडाशी नेला. "हळद, आयाबायांनो. माईनं अंगाला हळद लावली. मॅडमच्या हातनं पुरावा दिला."

दुसऱ्या दिवशी हळदीच्या तीर्थाची वेगळी रांग लागली.

मग मी गंगेचा वार बदलला. कुणाला न सांगता पाणी बंदचा दिवस मंगळवारवरून गुरुवारवर नेला. फक्त व्हॉल्व्हमन आण्णांना कल्पना दिली, कारण चाक त्यांच्या हातात. मंगळवारी गंगा उपास मोडून खळखळ वाहिली. गुरुवारी आटली. बुवानं लगेच सांगितलं, माईनं आता दत्ताचा वार धरलाय. मी आण्णांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"आण्णा, आज व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"म्या केला."

"मग धार कुणी थांबवली?"

"माईनं."

"अहो, चाक तुम्हीच फिरवलंत ना?"

"व्हय की. पर माझ्या हातनं तिनंच फिरवून घेतलं, मॅडम. रोज खांदा लय दुखतोय, आज दुखला न्हाई."

एवढं बोलून आण्णांनी गोमुखाला हात जोडले. मला हसू आलं आणि मग भीती वाटली. पालथ्या घड्यावर पाणी ओततेय हे तिथंच कळायला हवं होतं.

शेवटी पोलीस बरोबर घेऊन मी गोमुखाच्या मागची माती उकरायला लावली. गुडघाभर खोल गेल्यावर आमचा मुख्य पाईप लागला. त्याला भोक पाडून पट्टा आवळला होता आणि तिथून निघालेला काळा प्लॅस्टिकचा पाईप सरळ गोमुखाच्या गळ्यात शिरत होता. बोअरच्या गाडीवर शिकलेली विद्या वाया गेली नव्हती. मी लोकांना खड्ड्याजवळ बोलावलं. व्हॉल्व्ह बंद करायला लावला, धार थांबली. उघडायला लावला, पडू लागली. पुन्हा बंद, पुन्हा उघडा. तोवर बुवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून निघून गेला होता.

"फसवलं रं गड्या," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

पुढं उभ्या असलेल्या रंगूबाई नावाच्या म्हातारीनं मला विचारलं, "बाई, ह्या पायपात पाणी कुठलं?"

"नदीचं."

"कंची नदी?"

"कृष्णा."

"मग कृष्णामाईच की ही. एक माई न्हाई तर दुसरी. यात फसवणूक कसली आली?"

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. तो काळा पाईप तोडू न देता खड्डा त्यांनीच बुजवला.

सभेत उदयसिंह समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण लोकांची श्रद्धा आहे. बेकायदा जोड आहे ना, मग कायदेशीर करून टाका." ठराव एकमतानं झाला. माळावरच्या वस्तीच्या नगरसेवकानंही हात वर केला. मी विरोधाचं टिपण वर पाठवलं, त्याचं उत्तर आलेलं नाही. तीर्थस्थळाची जोडणी शहराच्या आराखड्यात मला माझ्याच हातानं काढावी लागली. बुवा परत आला. आता तो विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष आहे.

त्यानंतर येसूबाई एकदा कॅन घेऊन तिथं गेली. विहीर आटली होती. रांगेतून तिचा नंबर आला तेव्हा सेवेकऱ्यानं कॅन बाजूला केला.

"मावशी, तीर्थ वंजळीनं घ्यायचं. कॅन भरायचा न्हाई."

"बाबा, ह्ये माझ्या नळाचं पाणी हाय," येसूबाई म्हणाली.

रांगेतली माणसं हसली. ती रिकामा कॅन घेऊन परत गेली. हे मला मायानं सांगितलं, तेही न चिडता. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. पाणी पोचतं ते दाबामुळं, आणि एका ठिकाणी काढून घेतलं की पुढं कमी पडतं. हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. तुमच्या गावात कोरड्या जागी धार फुटली, तर नमस्कार खुशाल करा, पण त्याआधी एक चौकशी करा: त्या दिवसापासून कुणाच्या नळाचं पाणी गेलं? आमच्या शहरात ही चौकशी झाली. उत्तर सगळ्यांना कळलं. नळ अजून कोरडेच आहेत.