सदाफुलीचं औषध

आमच्या घरात चप्पल कुणाच्याच पायात टिकत नाही. बाबा बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कारकून होते, ते भर उन्हाळ्यातसुद्धा बूट घालायचे. गुडघा उंच उचलायचे आणि पाऊल फटकन जमिनीवर आपटायचं. आजी म्हणायची, ही आपल्या घराण्याची चाल. घडियाळी पोळमधल्या भाड्याच्या घरात न्हाणीतून बाहेर आलं की आमच्या ओल्या पावलांचा ठसा उमटायचा तो फक्त टाचेचा आणि चवड्याचा, मधली जागा कोरडी. आजीला त्याचं कोण कौतुक. लक्ष्मीची पावलं अशीच असतात म्हणे. सपाट पावलांची मुलगी सासर बुडवते आणि खोलगट पावलांची तारते, असं तिचं शास्त्र होतं. त्या हिशेबानं मी एखादं संस्थान तारायला हवं होतं. प्रत्यक्षात माझं लग्नच झालं नाही, कारण मुलाकडच्यांनी चालून दाखवायला सांगितलं आणि मी चालून दाखवलं.

माझं नाव निरुपमा. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, बसून करायचं काम म्हणून. आयुष्यभर लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. आता निवृत्त आहे, लालबागजवळ तळमजल्यावर एकटी राहते आणि माझा फोन दिवसदिवस वाजत नाही. हातांतही आता जोर उरला नाही. लोणच्याची बरणी उघडायची तर गॅसवाल्याची वाट बघावी लागते. तो सिलिंडर ठेवतो, बरणीचं झाकण फिरवतो, "ल्यो मासी" म्हणतो आणि जातो. त्या आठवड्यात माझ्याशी बोललेला तो एकटाच, असंही होतं. मला एकटं वाटतं हे मी कुणाला सांगत नाही. सांगायला कुणी असतं तर वाटलंच नसतं.

पस्तिशीत पाय फारच दगा देऊ लागले तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी नसांना विजेचे बारीक झटके देऊन तपासलं, बाबांच्या चालण्याविषयी खोदून खोदून विचारलं आणि सांगितलं, की हा नसांचा आजार आहे, वडिलांकडून आलेला. जिवाला धोका नाही, पण पायांच्या आणि हातांच्या नसा हळूहळू दुबळ्या होत जातात. भावाला असू शकतो, त्याच्या मुलांनाही. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. कुठल्याही दुखण्यासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हे सांगायचं. काही औषधं नसांना सोसत नाहीत, आणि कॅन्सरवरचं एक औषध तर असं आहे, की तुमच्यासारख्यांचे उरलेसुरले पाय एखाद्या डोसातही जाऊ शकतात. नाव सांगितलं, व्हिन्क्रिस्टीन. माझा चेहरा बघून ते हसले. म्हणाले, "नाव नाही राहिलं तर फूल लक्षात ठेवा. ते सदाफुलीपासून बनतं."

माझ्या खिडकीतल्या कुंडीत सदाफुली होती. घरी येऊन मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. उपटली नाही. तिचा काय दोष?

धाकट्या भावाला, श्रीकृष्णला, मी त्याच आठवड्यात हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझं आहे ते तुझं, माझे पाय ठणठणीत आहेत. तो कोयलीच्या रिफायनरीत होता. तिथल्या घोट्यापर्यंतच्या जाड बुटांनी त्याची अब्रू राखली. घरी तो बारा महिने मोजे घालायचा, उंबऱ्याला अडखळायचा आणि दोष उंबऱ्याला द्यायचा. त्याची बायको कांचन वाईट नाही, पण झाकली मूठ सव्वा लाखाची हे तिचं जगण्याचं सूत्र. त्यांची एकुलती एक मुलगी यशश्री. तिच्या चपलाही पायातून निसटतात, हे मी पाहिलंय आणि कांचननंही पाहिलंय.

यशश्रीचं लग्न सुरतेच्या चांगल्या मराठी घरात ठरलं आणि मला गोरव्यातल्या त्यांच्या घरातून बोलावणं येणं बंद झालं. वन्सं, आमचा जिना तुम्हाला त्रासाचा, असं कांचन फार गोड आवाजात म्हणाली. त्याच जिन्यानं मी इतकी वर्षं दर गणपतीला वर जात होते. जिना वाढला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. श्रीकृष्णच्या मानेत गाठी आल्या होत्या, तपासणीत कॅन्सर निघाला होता. मला आता कळत होतं, पण दवाखान्यात दाखल करून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहिली केमो होती. ती रडली, मग सावरली. हा प्रकार बरा होणारा आहे असं डॉक्टर म्हणालेत, असं सांगून माझीच समजूत घालू लागली.

"आणि वन्सं, त्यातलं एक औषध तर सदाफुलीचं आहे. आपली ही बारमासी हो. म्हणजे आयुर्वेदिकच म्हणा ना. त्यानं काय अपाय होणार?"

डॉक्टरांना आपल्या घराण्यातल्या पायांचं सांगितलंय का, असं मी विचारलं. मग हळूहळू बाहेर आलं. घरात कुणाला नसांचा काही आजार आहे का, असं डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं होतं आणि कांचननं नाही म्हणून सांगितलं होतं. कारण यशश्रीच्या होणाऱ्या नवऱ्याची मावशी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. तिनंच खोली मिळवून दिली होती आणि ती सारखी यांच्या अवतीभवती असे. डॉक्टरांच्या कानावर घातलेलं संध्याकाळपर्यंत सुरतेला पोचलं असतं. मी औषधाचं सगळं समजावून सांगितलं. अहो, फुलाचं आहे ते, असं ती पुन्हा म्हणाली आणि तिनं फोन श्रीकृष्णच्या हातात दिला.

"कृष्णा, ते औषध घेतलंस तर पाय जातील तुझे."

"ताई, आधी यशीचं लग्न होऊ दे. मग सांगू सगळ्यांना."

"आणि लग्नात उभा कसा राहशील?"

तो म्हणाला, "कन्यादान बसूनच करतात." आणि त्यानं फोन ठेवला.

मला राग आला आणि रागापेक्षा रडू जास्त आलं. एका मुलीच्या लग्नासाठी बाप स्वतःचे पाय द्यायला निघाला होता, आणि त्याला वाटत होतं की ही किंमत फार नाही. पाय नसले म्हणजे काय होतं ते त्यानं मला विचारायला हवं होतं. बडोद्यात माझं म्हणावं असं तेवढं एकच घर होतं. मी तोंड उघडलं तर ते दार कायमचं बंद होणार, आणि गप्प बसले तर त्याचे पाय जाणार, हे मला दिवसभर दिसत होतं. दार काय, तसंही ते किलकिलंच होतं.

सकाळी मी घोट्यांना आधार देणारे पायांचे प्लास्टिकचे साचे चढवले, पट्ट्या दातांनी ओढून लावल्या आणि रिक्षा केली. रिक्षावाल्यानं दवाखान्याच्या दारात "शांतीथी, मासी" म्हणत सावकाश उतरवून घेतलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. मी श्रीकृष्णची बहीण, एवढंच सांगून मी त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि साचे काढायला लागले. बोटांनी पट्टी सुटेना तेव्हा तेच खाली वाकले आणि त्यांनी सोडवली. मोजे उतरले. उंच कमानीची, आकसलेल्या बोटांची माझी पावलं त्यांनी पाहिली आणि त्यांची घाई तिथेच संपली.

"आ तमारा भाईने पण छे?" तुमच्या भावालाही आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "त्याच्या पायातले मोजे काढून बघा, साहेब."

आम्ही दोघं श्रीकृष्णच्या खोलीत गेलो. श्रीकृष्ण आरामखुर्चीत टेकून बसला होता, हाताला सलाईन लावलेलं होतं. शेजारी कांचन, आणि कडक इस्त्रीच्या साडीतली एक बाई थर्मासमधून चहा ओतत होती. तीच ती मावशी. मला बघून श्रीकृष्णनं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी मोजे काढायला सांगितलं तर कांचन म्हणाली, त्यांना थंडी वाजते. डॉक्टरांनी स्वतःच ते हलकेच काढले.

बाबांचे पाय होते ते. तीच कमान, तीच बोटं, गुडघ्याखाली तीच काठीसारखी बारीक पोटरी. डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर, टाचेमागे ठोकून पाहिलं. पाय जागचा हलला नाही. कॉटला धरून टाचांवर उभं राहायला सांगितलं, तेही जमलं नाही. त्यांनी नर्सला बोलावलं आणि आणून ठेवलेल्या औषधांतलं सदाफुलीचं ते एक परत पाठवलं. बाकीची औषधं चालू करू, हे नाही, नसांच्या डॉक्टरांशी बोलल्यावर पुढचं ठरवू, असं ते म्हणाले. कांचनला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की हे आधी सांगायचं असतं, बेन, बाहेरून बघून आम्हाला कळत नाही. मावशीनं त्याचे पाय पाहिले, माझे साचे पाहिले आणि थर्मासला झाकण लावलं.

"झालं समाधान?" श्रीकृष्णनं विचारलं. भिंतीकडे बघतच.

मी रिक्षात खूप काही ठरवून आले होते. लहानपणी तू पडायचास तेव्हा मीच तुला उचलायचे आणि दोघंही पडायचो, हेसुद्धा. त्यातलं काहीच आलं नाही.

"हो," म्हटलं आणि निघाले. बाहेरच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी माझा हात धरला. तो कोण होता ते मी पाहिलंही नाही, डोळ्यांपुढे सगळं पाणी होतं.

त्यानंतर गोरव्याहून फोन आला नाही. मी केला तर उचलला जाईना. बातमी कळायची ती आमच्या चुलत वहिनीकडून, अहल्याकडून. औषधं लागू पडली होती, गाठी विरत होत्या, श्रीकृष्ण हिंडत फिरत होता. सुरतेच्या लोकांनी अर्थातच विचारणा केली होती. त्यांना कांचननं सांगितलं, की वन्संना लहानपणी पोलिओ झाला होता, यांच्या पायांचं म्हणाल तर ती शुगर आहे, आणि वन्सं एकट्या राहून राहून जरा तशाच झाल्यात, मनावर घेऊ नका. सुरतेनं मनावर घेतलं नाही. अहल्या हे सांगताना चाचरत होती. मी हसले. म्हटलं, चला, घराण्याचा सगळा आजार माझ्या एकटीच्या नावावर झाला, तेवढीच इस्टेट. फोन ठेवल्यावर मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पत्रिका कुरियरनं आली. आमच्यात अक्षत हातात पडल्याशिवाय आमंत्रण होत नाही. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. तांदळाचा एक दाणा निघाला नाही.

लग्नाच्या दिवशी मी नऊवारी नाही, पण आईची जांभळी पैठणी काढली. निऱ्या जमेनात तशा टाचणीनं अडकवल्या. कुठे जायचं नव्हतं. मुहूर्ताच्या वेळी घरातच उभी राहिले, मनातल्या मनात मंगलाष्टकं म्हटली आणि मूठभर अक्षता घेतल्या. त्या टाकायच्या कुणावर, हे कळेना. शेवटी टेबलावरच्या फोनवर टाकल्या.

संध्याकाळी त्या तांदळांखाली फोन थरथरला. यशश्रीनं व्हिडिओ पाठवला होता, कुणा मैत्रिणीनं काढलेला. खाली लिहिलं होतं, "आत्या, माझ्याकडे नको बघू, बाबांकडे बघ." आणि त्याखाली, "त्या औषधाचं नाव पाठव. मी ह्यांना सगळं सांगितलंय, लग्नाआधीच. आईला माहीत नाही. मला ते पाठ करून ठेवायचंय."

मी आधी नाव लिहिलं. बोटं ऐकत नव्हती, चारदा चुकलं. एक्स्चेंजमध्ये आम्ही अवघड नावं अक्षर-अक्षर सुटं करून सांगायचो, तसं एकेक अक्षर म्हणत लिहिलं आणि पाठवलं. मग व्हिडिओ लावला.

पाठवणी होती. यशश्री रडत होती, कांचन रडत होती, सनई वाजत होती. श्रीकृष्ण लेकीच्या खांद्यावर हात ठेवून मांडवातून निघाला. डोक्यावरचे केस गेले होते, टोपी होती. काठी नव्हती, कुणी धरलेलं नव्हतं. गुडघा उंच उचलत होता, पाऊल फटकन टाकत होता, आणि सनईतूनसुद्धा मला तो आवाज ऐकू आला. कन्यादान बसून करतात, खरं आहे. पाठवणीला मात्र गाडीपर्यंत चालत जावं लागतं.

यशश्रीचं उत्तर आलं नाही. नव्या नवरीला कुठला वेळ? पैठणी न सोडता मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा. दर वेळी तो गाडीपर्यंत चालत पोचला.