केलेराच्या सत्तावीस ओळी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. बेटांच्या देशातल्या सुवा बंदरासमोरच्या एका लहानशा कचेरीत मी सात वर्षं काढली. मासेमारी होड्यांना फोनवर वादळाची सूचना देणारा प्रोग्राम तिथे चौघं मिळून लिहीत आणि सगळ्या फाइली माझ्या पोटात ठेवत.

कशा ठेवत? 'शेवटची', 'नवी शेवटची', 'हीच खरी शेवटची'! एकाच्या फाइलवर दुसरा आपली फाइल चढवी आणि पहिल्याचं काम पुसलं जाई. जुनं राखायला मला कोणी सांगितलंच नव्हतं.

केलेरा त्यांच्यात सगळ्यांत नवी. कंदावू बेटाकडच्या होड्यांना सूचना जात नव्हती. तिने तीन आठवडे खपून ती चूक दुरुस्त केली. सत्तावीस ओळी. दोनच दिवसांनी कोणीतरी त्यांवर जुनी फाइल चढवली. शनिवारी वारा सुटला. सूचना गेलीच नाही, कंदावूची एक होडी उलटली. माणसं वाचली, पण पोसेसी नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचा उजवा हात कायमचा गेला.

"तू काम केलंच नव्हतंस!" त्या चौघांचा मुख्य, अपेनिसा, सगळ्यांसमोर ओरडला.

"केलं होतं, सर. तुम्हाला दाखवलंही होतं."

"मग आता दाखव ना! कुठंय?"

ती काय दाखवणार? ती थेट माझ्यातच लिहायची आणि तिच्या ओळी माझ्यातूनच पुसल्या गेल्या होत्या. मी आतल्या आत जळत होतो.

सोमवारी तिने माझ्यात व्हर्जन कंट्रोल बसवलं. यापुढे कोणी एक ओळ जरी बदलली, तरी त्याचं नाव, वेळ आणि कारण माझ्याकडे राहणार होतं. जुनं काहीच हरवणार नव्हतं.

"पोलीस चौकी उघडलीस का गं?" अपेनिसा हसला.

"हो. पहिलं नाव माझंच लिहिलंय."

मग तिने बाकी तिघांच्या आपापल्या संगणकांवरच्या जुन्या प्रती मागवल्या आणि तारखेनुसार माझ्यात भरल्या. तिच्या ओळी गिळणारी फाइल अपेनिसाच्या संगणकावरचीच निघाली. माझ्यात चढवल्याची वेळ: गुरुवार, दुपारी सव्वातीन.

अपेनिसाने ती वेळ पुन्हा एकदा वाचली.

"केलेरा... घाईत झालं गं," तो पुटपुटला.

"मला नका सांगू, सर. कंदावूला जा, पोसेसींना सांगा."

शुक्रवारच्या बोटीने तो गेला. परतल्यावर बरेच दिवस त्याने आवाज चढवला नाही.

मित्रांनो, घाईत चूक कोणाच्याही हातून होते. पण न तपासता दुसऱ्यावर बोट रोखणाऱ्याला मी माफ केलेलं नाही. तुमच्या कामावर कोणाचा जीव अवलंबून असेल, तर त्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि त्या नोंदीत आपलं नाव लिहायला लाजू नका.