धाकटा जळालाय

आमच्या दुकानाच्या भिंतीवर एकच चौकट आहे आणि तिच्यात माझं प्रमाणपत्र आहे. मोटर वाइंडिंग, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रथम श्रेणी. दर सोमवारी मी तिची काच पुसतो. एकदा वहिनी म्हणाली, "भाऊजी, अक्षरं पुसली जातील हो." दादा हसला. मी नाही हसलो.

वहिनी दुकानात आली ती दादाचा डबा घेऊन. दादाची नजर अधू व्हायला लागली होती, म्हणून ती बसल्या बसल्या त्याला मोटरीच्या खाचांत घालायचे कागद कापून द्यायची. मग कॉइल गुंडाळून द्यायला लागली. मग एक दिवस मी बाहेरून आलो, तर बाईसाहेबांनी अख्खी मोटर भरून, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळून, ठेवली होती आणि ती मजेत फिरत होती. आवाजसुद्धा नाही. मी भरलेली मोटर थोडी गुरगुरते. हे मी कोणाला सांगत नाही, गिऱ्हाइकं सांगतात.

त्याला सात वर्षं झाली. आता गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "वहिनी आहेत का?" मी काय दिसत नाही? "मी आहे ना," म्हटलं की, "नको, येतो मग सावकाश." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. समाधान एवढंच होतं की दुरुस्तीच्या चिठ्ठीवर सही माझी. प्रमाणपत्र असेल त्यानंच सही करायची, असा नियम. तिनं भरलेल्या मोटरी माझ्या नावानं बाहेर जायच्या. तिनं त्यावर कधी ब्र काढला नाही. मी कशाला काढू?

शिवाय तिची भाषा. पाणी चढवायच्या लहान मोटरीत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. जाड तारेचं मोटर चालवतं. बारीक तारेचं फक्त सुरुवातीला जोर लावतं, आणि वेग आला की आतला स्विच त्याला बाजूला काढतो. वहिनी जाड्याला 'थोरला' म्हणते आणि बारक्याला 'धाकटा'. जळकी मोटर उघडायची, नाकाशी धरायची आणि चारचौघांत जाहीर करायचं, "धाकटा जळालाय." गिऱ्हाईक हसून माझ्याकडे बघतं. या घरातला धाकटा मीच ना! क्षणभराच्या कामाचा, मग बाजूला काढलेला. टोमणा न कळण्याइतका मी खुळा नाही.

अशात प्रशिक्षण केंद्राचं पत्रक आलं. वर्गात न बसता, काम करता करता जे शिकले, त्यांनी येऊन काम करून दाखवावं, तोंडी उत्तरं द्यावीत आणि प्रमाणपत्र न्यावं. शिक्का तोच, जो माझ्या प्रमाणपत्रावर आहे.

"भर गं अर्ज," दादा म्हणाला. "निदान स्वतःच्या कामावर स्वतःची सही तरी करशील."

मी दोन वर्षं बाकं झिजवली आणि हिला एका दिवसात? वर दुकानातला एक माणूस साक्षीला लागणार होता. दादाला दिसत नाही, म्हणून मलाच जावं लागलं. वाटेत मनात एकच घोष चालू होता, नापास होऊ दे.

तिनं मोटर भरली. परीक्षक बाई चष्मा सरसावून बघत होत्या. एक टाका वाकडा नाही. मी मेलो मनातल्या मनात. मग तोंडी सुरू झालं आणि वहिनीच्या कपाळावर घाम आला.

"सुरुवातीच्या वाइंडिंगचं काम काय?"

"ते... धाकट्याचं ना?"

"कोणाचं?" बाईंनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे असं म्हणतात? दुकानात रुळलेला शब्द असेल तर मी धरीन."

"छे," मी म्हणालो. "मी तरी कधी ऐकला नाही."

वहिनीनं एकदाच माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मग करून दाखवते," ती म्हणाली. तिनं बारीक तारेचं टोक सोडवलं आणि बटण दाबलं. मोटर नुसती हुं हुं करत राहिली, जागची हलेना. तिनं लगेच बटण बंद केलं.

"हा थोरला. सगळं ओझं हाच ओढतो, पण एकट्याला उठता येत नाही. कण्हत बसतो आणि तापतो." तिनं टोक परत जोडलं आणि बटण दाबलं. मोटर झोकात फिरली. "धाकट्यानं हात दिला, की उठतो. आमच्याकडे असंच झालं. यांची नजर जायला लागली, दुकानाचा परवाना जायची वेळ आली. भाऊजी सर्टिफिकेट घेऊन आले, म्हणून दुकान उभं राहिलं. तेव्हापासून मी याला धाकटा म्हणते."

थोरलं वाइंडिंग एकटं फिरत नाही, हे मला पुस्तकातून पाठ होतं. त्यावर मला चांगले गुण पडले होते. तरी सात वर्षं मी त्या शब्दाचा अर्धाच अर्थ ऐकत आलो होतो. "ऐकलाय हो, रोज ऐकतो," असं म्हणायला तोंड उघडलं. तोवर बाईंनी मला न विचारताच पूर्ण गुण लिहिले.

परतताना वहिनी एवढंच म्हणाली, दुकानातल्या एका मोटरीला वार्निश लावायचं राहिलंय.

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. दादानं ते बोटांनी चाचपून बघितलं. खिळा मीच ठोकला, माझ्या चौकटीशेजारी, त्याच उंचीवर. खरं सांगतो, तेव्हाही पोटात दुखलंच.

तेवढ्यात समोरचा इस्त्रीवाला घरची बंद पडलेली पाण्याची मोटर घेऊन आला. "वहिनी आहेत का?"

वहिनी आत कागद कापत होती. मी मोटर घेतली, झाकण काढलं, नाकाशी धरली.

"धाकटा जळालाय," मी मोठ्यानं म्हणालो.

आतली कात्री थांबली. स्टुलावर बसलेल्या दादानं मान वर केली. "कधीपासून रे?"

"सात वर्षं होतील."

इस्त्रीवाला आमच्या तोंडाकडे बघत राहिला. वहिनी बाहेर आली आणि तिनं माझ्या हातातून मोटर घेतली.

"द्या इकडे," ती म्हणाली. "तो परत भरता येतो."