दोघींमधली फट

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, आरशाचीही नव्हे. एके काळी वेधशाळेत आकाशाचे फोटो काचेवर काढत, त्यांतली मी. एका बाजूने मी कोरी आहे. दुसऱ्या बाजूला जिलेटीनचा पातळ थर आहे आणि त्यात माझे आकाश. ते उलटे आहे: आकाश पांढरे, तारे काळे. नवी माणसे मला पहिल्यांदा हातात घेत, तेव्हा पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून पाहत.

माझ्या मधोमध दोन दीर्घिका आहेत, असंख्य ताऱ्यांचे दोन भोवरे. त्या एकमेकींकडे ओढल्या जात आहेत. कधीतरी त्यांची एकच होईल. पण ते पाहायला माणसांच्या कितीही पिढ्या पुरणार नाहीत. एकीचा ताऱ्यांचा हात तेवढा लांबून दुसरीकडे गेला आहे, अंधारात भिंत चाचपावी तसा.

मला मोजायचे काम आत्यांकडे होते. त्यांची भाची शेजारच्याच टेबलावर काम करी, म्हणून साऱ्या कचेरीच्याच त्या आत्या. ऐन तरुणपणी त्यांनी माझ्या कोऱ्या बाजूवर, प्रत्येकीच्या बरोबर मध्याखाली, शाईचा एकेक ठिपका दिला होता. टेबलाच्या दुधी काचेखाली बल्ब असे. बाकीच्या काचा मोजून झाल्या की कपाटात जात. मी मात्र आत्यांचा डबा खाऊन होईपर्यंत दिव्यावरच.

"अगं, भाजतील त्या दोघी!" भाची म्हणे.

"इतक्या थंडीतून आल्यात बिचाऱ्या. शेकू दे जरा."

पाहुणे मला बघायला येत, पुस्तकात माझे चित्र छापले गेले. मग नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेले. आत्यांचे केस पिकले. एक दिवस साहेबांनी सांगितले, जुन्या काचा पुन्हा मोजा. बिघडलेल्या असतील त्या सोड्याच्या गरम पाण्यात टाका. थर निघाला की काच खिडक्यांना लावता येते.

आत्यांनी मला मोजले. दोघींमधली फट जुन्या मोजणीपेक्षा कमी भरली. पुन्हा मोजले. तेवढीच.

"आत्या, आकाशात इतक्यात केसभरही फरक पडत नाही," साहेब म्हणाले. "तुमची नजर गेलीय. मी चहा घेऊन येतो. तोवर जुळलं नाही, तर उद्यापासून खुर्ची भाचीची."

भाचीने भिंग उचलले. बराच वेळ ती वाकून होती. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तुझी नजर चांगली आहे गं. ठिपके जागेवर आहेत. दोघी सरकल्यात. आतल्या बाजूला."

"दिव्याच्या उबेनं थर सैल झाला असेल."

"साहेबांना दाखवते."

"मग हिला सोड्याच्या टबात टाकतील."

"आणि नाही दाखवलं तर तुला घरी बसवतील!"

रुमालाचे टोक जिभेने ओले करून आत्यांनी माझ्या पाठीवरचे दोन्ही ठिपके पुसले. दारात पावले वाजली.

"माझीच नजर गेली, साहेब," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर हिला बसवा. हिच्या मोजणीत काच ठीक आहे."

भाचीने मान खाली घातली. आत्यांनी खुर्चीवरची शाल उचलली, दिवा स्वतः विझवला आणि गेल्या.

त्यानंतर मला कुणी बाहेर काढलेले नाही. कपाट कोरडे आहे, थंड आहे. उबेचे कारण केव्हाच संपले. तरीही, मित्रांनो, माझ्या थरात काहीतरी ओढले जाते. अगदी हळू. ठिपके नाहीत, त्यामुळे ते कुणाला कळणारही नाही.

तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. त्यांना जपा, पुसा, ऊन लागू देऊ नका. कुणीतरी त्यांच्यासाठी आपली जागा सोडलेली असते. आणि कधी या कपाटाशी आलात, तर मला उजेडात धरून एकदाच पाहा आणि आत्यांना जाऊन सांगा की दिव्याचा दोष नव्हता. तो लांबलेला हात आता दुसरीपर्यंत पोहोचला आहे.