अनामिकेखालची फट

लीलाधरने डावा पंजा जेवणाच्या टेबलावर पालथा टेकवला की बाकीची बोटं सपाट पडत आणि अनामिका मधल्या पेरापाशी थोडी उचललेली राही. उन्हाळ्यात त्या फटीतून जाड कागद जाई. पावसाळ्यात पेन्सिल जाऊ लागली. दिवाळीत त्याच्या बायकोने, मोहिनीने, पर्समधला खडू सरकवून पाहिला, तो कुठेही न घासता पलीकडे निघाला. लीलाधरने हात उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाला, "आता काय डस्टर घालून बघतेस का?"

ती हसली. कॉलेजात ती अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. मोजता येईल अशी गोष्ट समोर असली की तिला मोजल्याशिवाय राहवत नसे. मोजून पुढे काय करायचं, हे मात्र दोघांनीही ठरवलं नव्हतं.

जळगावच्या डॉक्टरांनी त्याच्या तळहातातली दोरीसारखी जाड शीर दाबून दाखवली होती. शीर नव्हतीच ती. कातडीखालचा पडदा आखडत होता आणि बोटाला आत ओढत होता. "दुखत नाही ना? म्हणूनच लोक उशिरा येतात," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करून बोट मोकळं करता येईल, पण काही महिने गिटार बंद. नंतर त्या बोटाला पूर्वीचा जोर येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही. बाहेर पार्किंगमध्ये लीलाधर म्हणाला, "लग्नसराई होऊ दे." मोहिनीही म्हणाली, "होऊ दे." तेव्हापासून दोघांपैकी कुणी तो विषय काढला नव्हता.

धुळ्याच्या रुपचंद भाऊंच्या बँडमध्ये लीलाधर गिटार वाजवायचा. हळदीला आणि वरातीला अहिराणी गाणी लागत. कडवं संपताना तो दुसरी तार अनामिकेने वर ढकलायचा, स्वर हळूहळू चढायचा आणि बायका ओरडायच्या, "लीलाधरभाऊ, रडाव तिले!" लोक बँड ठरवतानाच विचारत, तार रडवणारा येणार आहे ना? आता त्या बोटात तार ढकलण्याएवढी ताकद नव्हती. तो दोन सुटे स्वर वाजवून वेळ मारून नेई. भाऊंना अजून कळलं नव्हतं. कळेल, याची त्याला रोज धास्ती होती.

मग एके दिवशी त्याने मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो माणूस गिटारची मान नुसती खाली दाबत होता आणि बोट न हलवता दुसरी तार आपोआप चढत होती.

"हे आपल्याला होईल का गं?"

मोहिनीने व्हिडिओ पुन्हा पाहिला. खांद्याच्या पट्ट्याची पुढची खुंटी लाकडात पक्की नव्हती, एका लिव्हरच्या टोकाला होती. गिटार खाली दाबली की पट्टा खुंटीला वर ओढतो, लिव्हर फिरते, गिटारच्या पोटातली सळई सरकते आणि तार ताणली जाते. दाब सोडला की स्प्रिंग सगळं जागेवर आणते. स्वर ‘सा’वरून ‘रे’वर न्यायचा तर ताण साधारण सव्वापट करावा लागेल. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिला बरं वाटलं. बोटाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. हे कळत होतं.

"होईल," ती म्हणाली.

लिव्हर आणि सळई तिने जळगावच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून चित्र काढून देऊन बनवून घेतली. लाकूड कोरायचं काम घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर झालं. लाल गिटार पोटावर पालथी ठेवली, खाली घोंगडी घातली. ड्रिल सुरू झाल्यावर लीलाधर दारात जाऊन उभा राहिला.

"पेशंटला भूल दिली का?"

"तुम्हीच धरा पाय."

"मी नाही बघणार. माझ्या लग्नाआधीची आहे ती."

पटाशीने पाठ कोरताना लाकडाचा पांढरा भुसा ओट्यावर, पोळपाटावर, सगळीकडे उडाला. संध्याकाळपर्यंत सळई बसली. खरी अडचण स्प्रिंगची होती. ती इतकी कडक हवी की गिटारच्या नुसत्या वजनाने लिव्हर हलू नये, आणि इतकी नरम हवी की माणसाने जरा दाबलं की हलावी. पहिली स्प्रिंग लावल्यावर लीलाधर खांदा चोळू लागला. "रात्रभर एवढं दाबलं तर बोटाबरोबर खांदाही जाईल. नरम कर." तिने कॉलेजातला ताणकाटा आणला, गिटारचं वजन पट्ट्यावर किती येतं ते पाहिलं आणि त्याहून थोडीशीच जास्त ताकदीची स्प्रिंग निवडली.

"तुम्ही असेच उभे राहता ना? सरळ?"

"असाच."

फ्रीजजवळ उभं राहून त्याने कडवं वाजवलं, शेवटी गिटारची मान जराशी झुकवली आणि तार चढली. नेमकी जिथे चढायला हवी तिथे जाऊन थांबली. लीलाधरने डोळे मिटले. मोहिनीने पुन्हा वाजवायला सांगितलं, पुन्हा तसंच झालं. ऑपरेशनचं नाव त्या दिवशीही कुणी काढलं नाही.

एरंडोलला तिची सहकारी दिपमाला हिच्या भाचीचं लग्न होतं. दिपमाला रसायनशास्त्र शिकवायची, स्टाफरूममध्ये मोहिनीच्या शेजारी बसायची. रुपचंद भाऊंचा बँड तिने मोहिनीच्या सांगण्यावरूनच ठरवला होता. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली, बायकांनी मोहिनीला आग्रहाने वाढलं, "मॅडम, तुमच्या मिस्टरांना आज सोडणार नाही आम्ही." ती लाजली आणि तिला अभिमानही वाटला.

संध्याकाळी नवरदेवाची मिरवणूक निघाली. पुढे बँडची गाडी, तिच्यावर स्पीकरची भिंत, आणि मागच्या फळीवर कीबोर्डवाला, ढोलकीवाला, लीलाधर. मरून रंगाचे कोट, सोनेरी पट्ट्या. मोहिनी दिपमालासोबत बायकांच्या घोळक्यात चालत होती. पहिलं गाणं गाडी उभी असताना झालं. तार चढली, बायका ओरडल्या. मोहिनीने नकळत मूठ वळली.

मग गाडी चालू लागली.

पाइपलाइनसाठी तो रस्ता नुकताच खणून बुजवला होता. पुढचं चाक चरात उतरलं आणि वर आलं. गिटारचा स्वर आपोआप वर गेला, डुलला, खाली आला. कुणीतरी हसलं. दुसरा चर. पुन्हा तसंच, पण या वेळी गाण्याच्या भर मध्यात, ध्रुवपदावर.

मोहिनी जागीच उभी राहिली. लिफ्ट वर निघताना आतल्या माणसाचं वजन वाढल्यासारखं का होतं, हे ती दरवर्षी अकरावीला शिकवत असे. फळ्यावर लिफ्ट काढायची, तिच्यात वजनकाट्यावर उभा माणूस काढायचा. इथे लिफ्टच्या जागी गाडी होती आणि माणसाच्या जागी गिटार. तिने सगळं मोजलं होतं ते स्वयंपाकघरातल्या सपाट फरशीवर.

लीलाधरला कारण कळलं होतं. गाडी चरात जाण्याआधी तो एका बाजूला झुकून, गुडघे वाकवून पट्ट्यावरचा भार कमी करू पाहत होता. खालून पाहणाऱ्याला तो झोकांड्या खातोय असंच दिसत होतं.

"गिटारवाला टाइट शे रे!" एक पोरगा ओरडला.

"नवरदेवले उतारा, त्याले घोडावर बसाडा!"

सगळी वरात हसली. नवरदेवसुद्धा. रुपचंद भाऊ पुढून गाडीवर चढले, लीलाधरच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हुंगलं, काहीतरी बोलले आणि गिटारची वायर उपटली. कीबोर्ड पुढे वाजत राहिला. लीलाधर वायर नसलेल्या गिटारवर बोटं फिरवत उभा राहिला, कारण गाडीवरून उतरायला जागा नव्हती.

मोहिनीला सांगता आलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या बायकांना, एका वाक्यात. ते पीत नाहीत, त्या गिटारमध्ये मी एक यंत्र बसवलंय आणि ते चुकलंय. पण मग यंत्र कशाला, असा प्रश्न आला असता, आणि बोटाचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि भौतिकशास्त्राच्या मॅडमनी लिफ्टचा धडा विसरून नवऱ्याची गिटार फोडली, हेही. यातलं कोणतं कारण जास्त खरं होतं, हे तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

दिपमालाने तिला दंडाला धरून एका बंद दुकानाच्या ओट्याजवळ नेलं.

"मनाला लावून घेऊ नको. उद्या कुणाच्या लक्षात पण राहणार नाही."

"दिपमाला, ते—"

"मला सांगू नको. मला माहीत आहे कसं असतं ते." दिपमालाने मिरवणुकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्याकडेही आहे. कुणाला बोलले नाही आजवर, माहेरी पण नाही. सकाळी इतके चांगले असतात गं, की आपल्यालाच वाटतं आपण उगाच बोललो. तुमचे किती दिवसांपासून घेतात?"

दिपमालाचे डोळे भरले होते. एवढी वर्षं शेजारी बसून जे बोलली नाही, ते ती आज फक्त मोहिनीला धीर यावा म्हणून बोलली होती.

"हं," मोहिनी म्हणाली. "अलीकडेच."

दिपमालाने तिचा हात दाबला. तो हात सोडवून घ्यावा असं मोहिनीला वाटलं. तिने सोडवून घेतला नाही.

रविवारी रुपचंद भाऊंनी लीलाधरला धुळ्याला बोलावलं. कोट आणि गिटार दोन्ही घेऊन ये, म्हणाले. मोहिनीही निघाली. एसटीत गिटार दोघांच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. पारोळा मागे पडला.

"मी हो म्हणणार आहे," लीलाधर म्हणाला.

"कशाला हो म्हणणार?"

"प्यालो होतो म्हणून. भाऊ चार शिव्या देतील, शपथ घ्यायला लावतील, घेऊन टाकतील परत. दारुड्याला परत घेतात, मोहिनी. बोट गेलेल्याला नाही घेत."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. वेचणी झालेल्या कपाशीच्या काळ्या काड्या शेतात उभ्या होत्या.

"आणि यंत्र?"

"तू कडक स्प्रिंग लाव. सोसेन मी."

"मी दिपमालाला हो म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही पिता म्हणून. तिने तिच्या घरचं सगळं सांगितलं मला. मी ऐकून घेतलं."

लीलाधरने तिच्याकडे पाहिलं. त्याला राग आलेला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "बरं केलंस," तो म्हणाला. "आता दोघांचं सांगणं एकच झालं."

रुपचंद भाऊंच्या वाड्यात, म्हणजे पत्र्याच्या शेडसमोरच्या मोकळ्या जागेत, बँडची गाडी धुवायला काढली होती. भाऊ खुर्ची टाकून बसले होते. मोहिनीला पाहून उठले. "या वहिनी, बसा. तुमनासमोर बोलनं बरं दिखस नही, पन काय करू? बठ्ठा एरंडोल हासना. मुलीना बाप माले म्हने, भाऊ, तुमी गिटारवाला आना का सर्कसवाला?"

लीलाधर मान खाली घालून उभा होता.

"पी वना व्हता का तू? खरं सांग. तोंडले वास नव्हता, पन आजकाल काय काय भेटस."

"चुकलो भाऊ. पुन्हा नाही होणार."

भाऊंचा चेहरा लगेच सैल पडला. त्यांना हेच ऐकायचं होतं. "मंग बस ना भो! मानूस शे, चुकस. देवीनी शपथ ले आनि कोट ठेव आंगवर. सोमवारे पाचोराले जानं शे." ते मोहिनीकडे वळले. "वहिनी, तुमीबी ध्यान ठेवा यानावर."

त्यांनीही दिपमालासारखंच, समजुतीने पाहिलं. या नजरेखाली ती आयुष्यभर राहू शकली असती. काहीच करायला नको होतं, फक्त मान हलवायची होती.

"ते पीत नाहीत, भाऊ," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा आला, कोरडा, त्याचीही तिला लाज वाटली. "कधीच नाही. चूक माझी आहे."

"मोहिनी," लीलाधर म्हणाला.

तिने गिटारच्या पिशवीची चेन उघडली, गिटार पालथी करून गाडीच्या मागच्या फळीवर ठेवली आणि पाठीवरच्या खाचेचं झाकण काढलं. लिव्हर, सळई, स्प्रिंग. भाऊ वाकून पाहत राहिले. ती सांगत गेली. पट्टा ओढला की तार कशी चढते, आणि गाडी चरात गेली की गिटारचं वजन कसं वाढतं. "मी ते घरात उभं राहून तपासलं. गाडी चालते हे माझ्या लक्षात आलं नाही. शिकवते मी हे, आणि लक्षात आलं नाही. लोक हसत होते तेव्हा मी तिथेच उभी होते, आणि बोलले नाही."

भाऊंनी स्प्रिंगला बोट लावून पाहिलं. "आनि हाई कसाले पाहिजे व्हतं? याना बोट काय मरी गयथात का?"

लीलाधरने डावा हात मागे घेतला. गाडी धुणाऱ्या नळीचं पाणी जमिनीवर वाहत होतं.

भाऊंनी हळूहळू मान वर केली. "लीलाधर. हात दखाड."

लीलाधर पुढे झाला. त्याने डावा हात गिटारशेजारी फळीवर पालथा ठेवला आणि सपाट करायचा प्रयत्न केला, जोर लावून, उजव्या हाताने वरून दाबून. बाकीची बोटं टेकली. अनामिकेखाली मागच्या ओल्या पत्र्यावरचं ऊन दिसत होतं. आता तिथून खडूच काय, मोहिनीची करंगळी सहज गेली असती.

"कवयपासून शे हाई?" भाऊंनी विचारलं.

लीलाधरने मान वळवली. तो मोहिनीकडे पाहत होता. ती डोळे खाली न घालता उभी राहिली, एवढंच तिला जमलं. मग त्याने उजवा हात काढून घेतला आणि बोट जितकं वर उठलं तितकं उठू दिलं.

"ऑपरेशन करून घेतो, भाऊ," तो म्हणाला. "यंदा मी वाजवणार नाही."